कोऱ्या पानांचा जमाखर्च

१९७९ सालच्या सप्टेंबर महिन्यात इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या फुटबॉल मैदानात हजारो तरुण एका अमेरिकन गायिकेला ऐकण्यासाठी जमले होते. गायिकेचे वय बत्तीस. चार वर्षांत चार ध्वनिमुद्रिका निघालेल्या, आदल्याच वर्षी एका गाण्याने अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेरावा क्रमांक गाठलेला आणि युरोपात मैदाने भरू लागलेली. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर पेढी नुकती कुठे स्थिरावली होती, माल खपत होता आणि गिऱ्हाईक दाराशी उभे होते. नेमक्या त्याच वेळी पॅटी स्मिथ यांनी दुकान बंद केले. पुढची जवळजवळ सोळा वर्षे त्या अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराबाहेरच्या एका घरात संसार करीत राहिल्या. या काळात एक ध्वनिमुद्रिका आणि एक हाताच्या पंजात मावेल एवढे पुस्तक, इतकेच काय ते बाहेर आले.

संगीताच्या इतिहासात या वर्षांचा उल्लेख ‘निवृत्तीचा काळ’ असा एका ओळीत उरकला जातो. खतावणीतील ती पाने कोरी आहेत असे मानले जाते. परंतु आज पॅटी स्मिथ यांचे नाव जितके गायिका म्हणून घेतले जाते तितकेच लेखिका म्हणूनही घेतले जाते, आणि ती लेखिका घडली ती याच कोऱ्या पानांवर. म्हणून त्यांचा जमाखर्च जरा निराळ्या रीतीने मांडून पाहायला हवा.

ज्या संगीताशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्याला ‘पंक रॉक’ म्हणतात. ‘पंक’ हा बोलीतला शब्द, उनाड किंवा हलक्या माणसाला उद्देशून वापरला जाणारा. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉक संगीत फार श्रीमंत झाले होते. मोठाली वाद्ये, महागडे स्टुडिओ, लांबलचक वादन आणि ऐकणाऱ्यापासून दूर गेलेले कलाकार. त्याला कंटाळलेली न्यूयॉर्कमधील काही मुले तीनचार स्वरमेळांवर, जुन्या गिटारींवर, मोडक्या इंग्रजीत आणि मोठ्या आवाजात गाऊ लागली. भांडवल नसेल तरी धंदा सुरू करता येतो, असे या मंडळींचे म्हणणे होते म्हटले तरी चालेल. त्यांचा अड्डा म्हणजे बाउअरी या गरीब, बेवड्यांच्या वस्तीतील ‘सीबीजीबी’ नावाचा अरुंद, कोंदट बार. फाटके कपडे, सेफ्टी पिना आणि शिवराळपणा ही पंकची प्रतिमा पुढे लंडनहून जगभर गेली आणि तिचाही यथावकाश व्यापार झाला. पॅटी स्मिथ या गटातल्या खऱ्या, पण मूळच्या त्या कवयित्री. गिटार त्यांच्या कवितेला नंतर येऊन मिळाली.

जन्म ३० डिसेंबर १९४६ रोजी शिकागोत. वडील कारखान्यात यंत्रावर काम करणारे, आई उपाहारगृहात वाढपी. चार भावंडांत पॅटी थोरल्या. बालपणाचा बहुतेक काळ न्यू जर्सी राज्याच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागात गेला. घरात पैसा बेताचा, पुस्तके मात्र होती. शिक्षिका होण्यासाठी त्यांनी महाविद्यालयात नाव घातले. सुट्टीत कारखान्यात लहान मुलांच्या तीनचाकी सायकलींची हँडले तपासण्याचे काम केले. नगावर मजुरी. ही मुलगी भराभर काम उरकते म्हणून सोबतच्या बायका चिडत, कारण एकीने वेग वाढवला की मालक सगळ्यांकडूनच तेवढ्या नगांची अपेक्षा करणार. कोणत्याही कारखानदाराला आणि कोणत्याही मजुराला हा पेच ओळखीचा वाटेल. पुढे पॅटी यांनी याच अनुभवावर एक गद्य-कविता रचली. तिचे नाव कौटुंबिक मासिकात छापण्याजोगे नाही, पण पंकच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत तिची गणना होते.

वयाच्या विसाव्या वर्षी, अविवाहित असताना, त्यांना मूल झाले. ते त्यांनी दत्तक दिले आणि शिक्षण सुटले. ही गोष्ट त्यांनी आपल्या पुस्तकात लपवलेली नाही आणि तिचे भांडवलही केलेले नाही. आपण आयुष्यात काहीतरी करून दाखवू, असा शब्द त्यांनी त्या वेळी मनोमन दिला होता, एवढेच त्या नोंदवतात.

१९६७ च्या जुलैमध्ये त्या न्यूयॉर्कला निघाल्या. बसचे भाडे ऐन वेळी जवळजवळ दुप्पट झालेले निघाले आणि पैसे पुरेनात. घरी फोन करावा म्हणून त्या टेलिफोनच्या खोक्यात शिरल्या, तर तिथे कुणाची तरी पर्स राहून गेलेली. आत बत्तीस डॉलर. त्यांनी पैसे घेतले, पर्स तिकीट-खिडकीवर ठेवून दिली आणि बस पकडली. त्या अनोळखी बाईला त्या आपली उपकारकर्ती म्हणतात. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, त्याला उपकाराचे नाव देऊन सुटका होत नाही, हे इथल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण त्रेचाळीस वर्षांनी, मानसन्मान मिळाल्यावर, ही गोष्ट स्वतःहून रकमेसकट छापणारी माणसेही थोडी असतात. देणे फिटले नाही, मात्र वहीतून खोडलेही नाही.

न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला त्या बागेत आणि फुटपाथवर झोपल्या. मग ‘ब्रेंटानोज’ या पुस्तकांच्या दुकानात नोकरी मिळाली. दुकानात देशोदेशीचे दागिनेही विकत, आणि तो विभाग त्यांच्याकडे होता. तिथल्या एका साध्या इराणी कंठीवर त्यांचा जीव होता. एके दिवशी त्यांच्याच वयाचा एक तरुण दुसऱ्या शाखेची क्रेडिट चिठ्ठी घेऊन आला आणि त्याने नेमकी तीच कंठी निवडली. बांधून देताना पॅटी सहज म्हणून गेल्या की ही दुसऱ्या कोणा मुलीला देऊ नका. तो तरुण म्हणजे रॉबर्ट मेपलथॉर्प, पुढे जगप्रसिद्ध झालेले छायाचित्रकार. त्यांची काही चित्रे इतकी धीट होती की त्यांच्या मृत्यूनंतर ती दाखवणाऱ्या संग्रहालयाच्या संचालकावर खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. तेव्हा मात्र ते ब्रुकलिनमध्ये राहणारे, खिशात दमडी नसलेले एक विद्यार्थी होते. कंठी अखेर पॅटी यांच्याकडेच आली.

दोघे आधी प्रेमिक आणि नंतर आजन्म मित्र राहिले. या मैत्रीतील एक व्यवहार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. संग्रहालयात जायचे तर दोन तिकिटांचे पैसे नसत. मग एकच तिकीट काढायचे, एकाने आत जाऊन चित्रे पाहायची आणि बाहेर ताटकळणाऱ्याला येऊन सगळे वर्णन करून सांगायचे. पॅटी स्मिथ यांच्या गद्यात वस्तूंचे जे बारीक, शांत, नेमके वर्णन असते त्याची तालीम कुठे झाली असेल, याचा शोध घेताना या अर्ध्या तिकिटाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पुढे पाचव्या अव्हेन्यूवरील ‘स्क्रिब्नर्स’ या नामांकित पुस्तकालयात त्यांनी बरीच वर्षे विक्रेतीची नोकरी केली. पगार थोडा पण नियमित होता, आणि मेपलथॉर्प यांच्या कलेचा खर्च बराचसा त्या पगारावर चाले. १९६९ मध्ये दोघे चेल्सी हॉटेलात राहायला गेले. तिथे लेखक, गायक, चित्रकार आणि कर्जबाजारी यांची सरमिसळ होती. आसपास हेरॉईनचा सुळसुळाट होता आणि त्यात कितीतरी गुणी माणसे गेली. पॅटी त्यापासून दूर राहिल्या. त्या काही विरक्त नव्हत्या, पण सकाळी कामावर हजर व्हायचे असे, हेही एक कारण असावे. नोकरीची शिस्त कलावंताला मारते, असे बोलले जाते. इथे तिने वाचवलेले दिसते.

१० फेब्रुवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये त्यांनी पहिले मोठे काव्यवाचन केले. नुसते वाचन सपक होईल म्हणून लेनी के नावाच्या एका तरुणाला गिटार घेऊन बोलावले. लेनी के हे रेकॉर्डच्या दुकानात काम करीत आणि संगीतावर लेख लिहीत. चर्चमध्ये विजेची गिटार वाजली म्हणून काही लोक रागावले, काही हरखले. ‘सेव्हन्थ हेवन’ आणि ‘विट’ हे काव्यसंग्रह अनुक्रमे १९७२ आणि १९७३ मध्ये आले. पुढे पियानो आला, बेस गिटार आली, ड्रम आले आणि काव्यवाचनाचा वाद्यवृंद झाला. १९७४ मध्ये पहिली छोटी तबकडी स्वतःच काढली. तिच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च मेपलथॉर्प यांनी दिला. म्हणजे पुस्तकालयाच्या पगारातून जे गेले होते त्यातले काही दुसऱ्या वाटेने परत आले, आणि कुठेही कागद झाला नव्हता.

१९७५ च्या वसंतात सीबीजीबीमध्ये कित्येक आठवडे कार्यक्रम झाले. तेथूनच ‘अरिस्टा’ या नव्या कंपनीशी करार झाला आणि वर्षअखेरीस ‘हॉर्सेस’ ही पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर आली. तिच्या मुखपृष्ठावरील छायाचित्र मेपलथॉर्प यांचे. पांढरा सदरा, खांद्यावर टाकलेला काळा कोट, चेहऱ्यावर रंग नाही, केस विस्कटलेले. त्या काळी गायिकेचे छायाचित्र असे नसे. बायकांनी रॉक संगीतात कसे दिसावे याचा जो ठरीव साचा होता तो त्या एका चित्राने मोडला. २००९ साली अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या ध्वनिमुद्रिकेचा समावेश केला.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. दुसरी ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. जानेवारी १९७७ मध्ये फ्लॉरिडातील टॅम्पा शहरात गाताना गिरकी घेत त्या मंचावरून खाली कोसळल्या आणि मानेची हाडे मोडली. कित्येक महिने अंथरुणावर गेले. त्या काळात कार्यक्रम नव्हते, उत्पन्न नव्हते, पण ‘बाबेल’ या पुस्तकाची जुळणी झाली. अंग थांबले की हात लिहायला लागतो, हा त्यांचा क्रम तेव्हाच दिसून आला होता.

१९७८ मध्ये ‘बिकॉज द नाइट’ हे गाणे गाजले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी अर्धवट सोडलेली चाल पॅटी यांच्याकडे आली होती. एके रात्री डेट्रॉइटहून येणाऱ्या फोनची त्या वाट पाहत होत्या. लांब पल्ल्याचा फोन त्या काळी महाग, म्हणून वेळ ठरवून केला जाई. फोन काही येईना. ताटकळत बसण्यापेक्षा काहीतरी करावे म्हणून त्यांनी ती चाल लावली आणि फोन येईपर्यंत गाण्याचे शब्द तयार झाले. त्यांचे सर्वांत अधिक खपलेले गाणे ते हेच.

फोन करणारे होते फ्रेड स्मिथ. ‘एमसी फाइव्ह’ या डेट्रॉइटच्या बंडखोर वाद्यवृंदाचे गिटारवादक. १ मार्च १९८० रोजी दोघांचा विवाह झाला. आडनाव एकच असल्यामुळे बदलावे लागले नाही, असा विनोद त्या काळी बराच झाला. फ्लॉरेन्सची मैफल आदल्या सप्टेंबरातच उरकली होती. टीकाकारांना, विशेषतः ज्यांनी त्यांना स्त्रियांच्या स्वातंत्र्याची पताका मानले होते त्यांना, हे पटले नाही. मंच सोडून नवऱ्याच्या गावी धुणीभांडी करायला गेली, असा सूर निघाला.

पॅटी यांनी त्याला नंतर अनेकदा उत्तर दिले. घर सांभाळणे, कपडे धुणे, आजारी मुलाशेजारी रात्र काढणे हे काम आहे, ‘काही न करणे’ नव्हे, असे त्या सांगत राहिल्या. व्यापारी घरांतील स्त्रियांना हे वेगळे सांगावे लागू नये. ज्या कामाची पावती फाडली जात नाही ते काम ताळेबंदात दिसत नाही, पण म्हणून घडलेले नसते असे नाही.

सेंट क्लेअर शोअर्स हे त्या गावाचे नाव, सेंट क्लेअर तलावाच्या काठचे. १९८२ मध्ये मुलगा झाला, १९८७ मध्ये मुलगी. मुले लहान असताना लिहायला वेळ मिळेना, तेव्हा पॅटी पहाटे पाच वाजता उठू लागल्या. पाच ते आठ, मुले जागी होईपर्यंत, हे तीन तास त्यांचे. आधीच्या आयुष्यात त्या रात्री जागणाऱ्या, लहर आली की लिहिणाऱ्या होत्या. आता लहरीला वेळापत्रक मिळाले. वह्यामागून वह्या भरत गेल्या, छापायला काही दिले नाही. रोजच्या तीन तासांची ही ठेव कोणत्या मुदतीची आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. बँकेत अशी ठेव कोणी ठेवीत नाही, कारण तिच्यावर व्याजाचा दर लिहिलेला नसतो.

संगीत पूर्ण थांबले नव्हते. एकदा त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलीत असताना फ्रेड आत आले आणि म्हणाले की लोकांच्या हाती सत्ता असते, यावर एक गाणे लिही. बटाटे हातात असतानाच सुचवलेले ते ‘पीपल हॅव द पॉवर’ गाणे आज जगभर मोर्चांत गायले जाते. १९८८ च्या ‘ड्रीम ऑफ लाइफ’ या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. दौरा काढला नाही, खप बेताचाच झाला.

या काळातले जे छोटे पुस्तक मघाशी सांगितले त्याचे नाते थेट भारताशी आहे. ‘वूलगॅदरिंग’ हे त्याचे नाव. शब्दशः अर्थ कुंपणाला, काट्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर वेचत फिरणे, आणि रूढ अर्थ दिवास्वप्ने पाहणे. बालपणाच्या आठवणींचे हे गद्य त्यांनी १९९१ मध्ये लिहिले आणि १९९२ मध्ये ते ‘हनुमान बुक्स’ या मालिकेत निघाले. रेमंड फॉय आणि इटालियन चित्रकार फ्रान्सेस्को क्लेमेंटे ही मालिका न्यूयॉर्कहून चालवीत, परंतु पुस्तके छापली जात ती मद्रासला, कलाक्षेत्रच्या छापखान्यात. आकार आपल्याकडच्या स्तोत्रांच्या पुस्तिकेवरून घेतलेला, सदऱ्याच्या खिशात सहज मावणारा. पंक संगीताच्या आद्य गायिकेचे परिपक्व गद्य प्रथम जगापुढे आले ते मद्रासच्या छापखान्यातून, पोथीच्या रूपात. हा योगायोग खरा, पण शोभणारा आहे. या पुस्तिकेत मंचावरचा आरडाओरडा कुठेच नाही. वाक्ये सावकाश, स्वच्छ, पहाटेच्या वेळची आहेत.

दरम्यान एक दुसरे खाते उघडले गेले होते. रॉबर्ट मेपलथॉर्प यांना एड्स झाला होता. ९ मार्च १९८९ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्याच्या आदल्या दिवशीच्या बोलण्यात आपली दोघांची गोष्ट लिहिशील का, असे त्यांनी विचारले होते, आणि पॅटी यांनी शब्द दिला होता. मागणाऱ्याजवळ मुदत नव्हती, देणाऱ्याजवळ हमी नव्हती. दुसऱ्या दिवशी मागणारा राहिला नाही. असे देणे बुडवले तर विचारायला कोणी येत नाही.

लिहिणे लगेच जमले नाही. पुढची वर्षे मृत्यूंचीच होती. १९९० मध्ये त्यांच्या वाद्यवृंदाचे पियानोवादक रिचर्ड सोल गेले. ४ नोव्हेंबर १९९४ रोजी फ्रेड हृदयविकाराने गेले. सावरायला धाकटा भाऊ टॉड धावून आला, तू पुन्हा गायला लाग, मी सोबत आहे, म्हणाला. महिनाभरातच तोही गेला. पॅटी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. दोन मुले पदरात आणि घर चालवायचे. फ्रेड यांनी शेवटच्या दिवसांत त्यांना गिटारवरचे काही स्वरमेळ शिकवले होते, तेवढे हाताशी होते. अ‍ॅलन गिन्सबर्ग या वडीलधाऱ्या कवीने शोक उराशी धरून बसू नकोस, काम कर, असे सांगितले. डिसेंबर १९९५ मध्ये बॉब डिलन यांनी आपल्या दौऱ्यात त्यांना सोबत घेतले. १९९६ मध्ये ‘गॉन अगेन’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्या मुलांना घेऊन न्यूयॉर्कला परतल्या. लेनी के यांची गिटार पुन्हा शेजारी उभी राहिली. सोळा वर्षे बंद असलेल्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक टिकून होते. हा नावलौकिक कोणत्या किमतीला मांडावा, हे लेखापालांनी ठरवावे.

१९९६ मध्येच ‘द कोरल सी’ हे मेपलथॉर्प यांच्या स्मरणार्थ लिहिलेले गद्यकाव्य निघाले. पण ते म्हणजे हप्ता होता. मूळ रक्कम बाकी होती. दोघांची खरी गोष्ट, बसच्या भाड्यापासून चेल्सी हॉटेलपर्यंतची, लिहून पूर्ण व्हायला २०१० साल उजाडले. शब्द दिल्यापासून एकवीस वर्षे. पुस्तकाचे नाव ‘जस्ट किड्स’.

या पुस्तकात पॅटी स्मिथ गाजलेल्या गायिका म्हणून फारशा दिसतच नाहीत. जवळजवळ सगळी जागा दोन उपाशी, हट्टी, एकमेकांना सांभाळणाऱ्या मुलांना दिली आहे. एका सँडविचचे दोन भाग कसे झाले, भाड्याचे पैसे कुठून आले, कोणत्या वस्तू गहाण पडल्या, हे सगळे लिहिले आहे. मोठ्या माणसांची नावे येतात, पण ती मिरवत येत नाहीत. मेपलथॉर्प यांचे दोष झाकलेले नाहीत आणि त्यांच्यावर निवाडाही दिलेला नाही. अशा पुस्तकाला संयम लागतो, आणि तो १९७९ च्या पॅटी स्मिथ यांच्याजवळ नव्हता. पहाटेच्या त्या तीन तासांनी तो मिळवून दिला, असे मानायला पुरेसा आधार त्या गद्यातच आहे. पुस्तक आणखी दहा वर्षे आधी आले असते तर कदाचित अधिक तापलेले आणि कमी खरे झाले असते.

नोव्हेंबर २०१० मध्ये ‘जस्ट किड्स’ला अमेरिकेचा ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाला. पुरस्कार स्वीकारताना त्यांना रडू आवरेना. स्क्रिब्नर्समध्ये विक्रेती असताना याच पुरस्काराची मोहोर असलेली पुस्तके त्या फळीवर लावीत आणि ती मिळाल्यावर लेखकाला कसे वाटत असेल याचा विचार करीत, अशी आठवण त्यांनी सांगितली. मग प्रकाशकांना विनवले की तंत्रज्ञान कितीही पुढे जावो, कागदाचे पुस्तक सोडू नका. माल हाताळलेल्या माणसाचे ते बोलणे होते.

त्यानंतर पुस्तके नेमाने येत राहिली. २०१५ चे ‘एम ट्रेन’ कॉफी, प्रवास आणि गेलेल्या माणसांविषयी आहे. त्यात समुद्रकाठी घेतलेल्या एका मोडकळीस आलेल्या घराची हकीकत येते. घर रोखीने घ्यायचे होते, म्हणून एक अख्खा उन्हाळा त्यांनी कार्यक्रमांमागून कार्यक्रम केले आणि पैसे भरले. काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळाने तो किनारा उद्ध्वस्त केला. आजूबाजूची घरे गेली, हे मोडके घर उभे राहिले. जुन्या, गैरसोयीच्या वस्तूंवर त्यांचा जीव आहे आणि त्या वस्तूही त्यांना सहसा दगा देत नाहीत.

१० डिसेंबर २०१६ रोजी स्टॉकहोममध्ये बॉब डिलन यांच्या अनुपस्थितीत, नोबेल समारंभात, स्वीडनच्या राजासमोर त्यांनी डिलन यांचे एक दीर्घ गीत गायले. दुसऱ्या कडव्यात शब्द अडले. जगभर प्रक्षेपण चालू, समोर राजघराणे. त्या थांबल्या, आपण फार घाबरलो आहोत असे सांगून माफी मागितली, वादकांना मागे यायला सांगितले आणि पुन्हा सुरुवात करून गाणे शेवटाला नेले. शब्द पाठ नव्हते असे नाही, उलट किशोरवयापासून ते गाणे त्यांच्या ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी नोबेलविजेते शास्त्रज्ञ स्वतःहून भेटायला आले आणि तुमच्या अडखळण्यात आम्हाला आमचीच धडपड दिसली असे म्हणाले, हे त्यांनी नंतर एका लेखात लिहिले आहे. तो लेखही पाहण्यासारखा आहे, स्वतःची बाजू मांडण्याचा अट्टहास त्यात नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘ब्रेड ऑफ एंजल्स’ हे त्यांचे नवे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मिशिगनमधील संसाराची वर्षे त्यांनी त्यात उलगडून लिहिली आहेत. त्याच सुमारास ‘हॉर्सेस’ला पन्नास वर्षे झाली म्हणून युरोप आणि अमेरिकेत त्यांनी दौरा केला. वय अठ्ठ्याहत्तर, केस पांढरे, आवाज खणखणीत. ड्रमवर जे डी डॉहर्टी, १९७५ चेच. एका गिटारवर लेनी के, चर्चमधल्या त्या रात्रीपासूनचे. दुसरी गिटार त्यांच्या मुलाच्या हातात होती, तो १९८२ मध्ये जन्मलेला.